आरमार गेलं कुठे?

विजयदुर्गाच्या तटावर, अकराच्या उन्हात, आमच्या गटातल्या आठवीतल्या मुलीने गाइडला विचारलं, "काका, आंग्र्यांचं एवढं मोठं आरमार होतं ना, मग ते गेलं कुठे?" गाइड तेव्हा समुद्रात बुडालेल्या भिंतीबद्दल रंगून सांगत होता. शत्रूची जहाजं किल्ल्याकडे यायची, पाण्याखालच्या भिंतीवर आपटायची आणि फुटायची, हे दाखवायला तो एका हाताची मूठ दुसऱ्या तळहातावर मारत होता. प्रश्न आला तशी मूठ तळहातावरच थांबली. मग म्हणाला, "इंग्रजांनी कपटाने घेतला ना बाळा किल्ला. चला, आता साहेबाचे ओटे बघूया. हेलियमचा शोध तिथूनच लागला." टोपी सारखी करून तो चालू लागला आणि आम्ही सगळे त्याच्या मागोमाग. मुलगी मात्र खाडीच्या तोंडाकडे बघत तिथेच उभी होती. आईने हाक मारली, "चल गं, मागे राहू नकोस," तेव्हा निघाली.

ती ज्या पाण्याकडे बघत होती, त्याच पाण्यात ते आरमार जळालं. फेब्रुवारी १७५६. गाइडला ते ठाऊक होतं, आमच्याबरोबर आलेल्या सरांना ठाऊक होतं, मलाही ठाऊक होतं. आणि आम्ही तिघंही हेलियम बघायला निघालो.

खरं तर मी या सहलीत असायचं काही कारणच नव्हतं. मी राजापूर तालुक्यातली, लग्नानंतर रत्नागिरीत राहिलेली. पुण्याच्या नणंदेने या सहलीत जागा घेऊन ठेवली होती, ऐन वेळी तिचा गुडघा धरला, पैसे परत मिळणार नव्हते, म्हणून ती म्हणाली तूच जा. "कोकणातल्या बाईने पुण्याच्या लोकांबरोबर कोकण बघायला जायचं," असं म्हणून आमच्या यांनी आठवडाभर करमणूक करून घेतली. रेवदंड्याहून सुरुवात आणि मालवणला शेवट. एका टेम्पो ट्रॅव्हलरमध्ये मावतील एवढीच माणसं. बरोबर इतिहासाचे निवृत्त प्राध्यापक, आणि शिवाय प्रत्येक ठिकाणी तिथला गाइड. माहितीपत्रकावर 'छोटा गट, निवांत सहल' असं लिहिलं होतं. निवांतपणाचं काय ते सोडा, पण गट लहान असला की एक होतं, कुणाला लपता येत नाही. मोठ्या बसच्या सहलीत मागच्या बाकावर बसून झोप काढता येते, गाइडचं बोलणं वाऱ्यावर जातं, कोण काय विचारतं ते कळत नाही. इथे कुणाची रक्तदाबाची गोळी किती वाजता असते ते दुसऱ्या सकाळपर्यंत सगळ्यांना पाठ झालं. बँकेतून निवृत्त झालेले एक काका होते, त्यांना दर ठिकाणी बांधकामाचा खर्च किती आला ते हवं असायचं. ड्रोन घेऊन आलेला एक मुलगा होता, त्याला कुठेच परवानगी मिळत नव्हती. आणि ही मुलगी. तिच्याकडे वही नव्हती की मोबाइल नव्हता, प्रश्न मात्र होते.

रेवदंड्याला आम्ही एका पडक्या चर्चमध्ये उभे होतो. डोक्यावर छप्पर नाही, भिंतीतून पिंपळ निघालेला, आणि पलीकडे लगेच कुणाची तरी नारळी-पोफळीची वाडी. पाटाचं पाणी सोडलेलं होतं, त्याचा ओला वास चर्चच्या दगडांना येत होता. तटबंदीच्या आत असं सगळं गाव नांदतं आहे. वाळत घातलेली लुगडी, रतांबे वाळवायला ठेवलेली सुपं, आणि मध्येच पोर्तुगीज राजचिन्ह कोरलेला दगड. तिथला गाइड रशियाच्या व्यापाऱ्याची गोष्ट फार प्रेमाने सांगत होता. अफनासी निकितीन, पंधराव्या शतकात, वास्को द गामाच्या आधी जवळजवळ तीस वर्षं, एक घोडा विकायला म्हणून घेऊन चौलला उतरला. शाळेच्या आवारात त्याचं स्मारक आहे. तो गोरा म्हणून लोक त्याच्या मागे मागे फिरायचे, असं त्याने स्वतः लिहून ठेवलं आहे. "म्हणजे आपलेच लोक तेव्हा त्याला बघायची सहल काढत होते," असं बँकवाले काका म्हणाले आणि सगळे हसले. १५०८ साली चौलच्या याच पाण्यात पोर्तुगीज व्हाइसरॉयचा मुलगा लढाईत मारला गेला आणि त्याचा सूड म्हणून बापाने पुढच्या वर्षी दीवची लढाई केली, हे सरांनी सांगितलं. हसणं थांबलं, पण वाईट कुणालाच वाटलं नाही. दुसऱ्यांची दुसऱ्यांशी झालेली लढाई ऐकायला बरी वाटते. समोर कोर्लईचा डोंगर दिसत होता. १७४० साली मराठ्यांनी हा मुलूख घेतला, पोर्तुगीज निघून गेले, आणि डोंगराच्या पायथ्याशी राहिलेल्या ख्रिस्ती कोळ्या-शेतकऱ्यांच्या घरात पोर्तुगीजातून जन्मलेली एक बोली आजही बोलली जाते. आम्ही गेलो तेव्हा तिथल्या बायका जवळा वाळवत होत्या आणि आपसात ज्या भाषेत भांडत होत्या ती मला एक शब्दही कळली नाही. सूर मात्र अगदी आमच्या आळीतला होता.

जंजिऱ्याला जरा अवघडलं. राजापुरीच्या धक्क्यावरून शिडाच्या होडीत बसलो. वारा चांगला होता, शीड भरलं की होडी एका अंगाला कलायची आणि काठावर बसलेल्यांच्या पाठीवर पाणी उडायचं. किल्ला जवळ येईपर्यंत त्याचा दरवाजा दिसतच नाही, बुरुजांच्या मधे तो असा बेमालूम लपवला आहे. नावाडी तिथलाच, मुसलमान, पन्नाशीचा. तोच आत गेल्यावर गाइड झाला. दरवाजावरचं शिल्प त्याने दाखवलं, वाघासारखा एक प्राणी आणि त्याच्या पंजात, शेपटीत, जबड्यात धरलेले हत्ती. मग छाती काढून म्हणाला, "हा किल्ला कोणी जिंकला नाही. कोणी म्हणजे कोणी नाही. पोर्तुगीज नाही, इंग्रज नाही," आणि इथे त्याने अर्धा श्वास घेतला, "कोणीच नाही."

ते गाळलेलं नाव आमच्या गटात प्रत्येकाने मनातल्या मनात भरून घेतलं. ड्रोनवाल्या मुलाला राहवलं नाही. तो म्हणाला, महाराजांना अजून थोडं आयुष्य मिळालं असतं तर. नावाड्याने मान डोलावली. त्याला ही वाक्यं रोज ऐकायची सवय असणार. मला त्या माणसाचं कौतुक वाटलं. ज्या सिद्दीच्या पदरी त्याचे पूर्वज असतील नसतील, त्याचं राज्य १९४८ पर्यंत टिकलं. त्याच्या दृष्टीने अभिमानाची एवढी एकच गोष्ट, आणि ती त्याला रोज अशा लोकांना सांगायची आहे ज्यांना ती टोचते. तरी तो सांगतो, नाव गाळून, श्वास घेऊन. कलाल बांगडी तोफेचा पल्ला त्याने सांगितला तो मला पटला नाही, पण तोफांचा पल्ला बोलणाऱ्याच्या उत्साहाप्रमाणे वाढतो हे कोकणात आम्ही लहानपणापासून जाणतो. तोफेच्या पाठीवर हात ठेवला तर चटका बसला. पलीकडे समुद्रात पद्मदुर्ग दिसत होता. तिकडे त्याने नुसती हनुवटी वळवली.

पद्मदुर्गाचं सरांनी परत येताना होडीत सांगितलं. सिद्दीच्या उरावर महाराजांनी तो दुसरा जंजिरा बांधायला काढला, आणि तिथल्या लोकांना रसद पोचवायची जबाबदारी ज्या सुभेदारावर होती त्याने ती पोचवलीच नाही. त्यावर महाराजांनी त्याला लिहिलेलं पत्र आहे. तुम्हाला सिद्दीने काही देऊन फोडलं असेल, तुम्ही ब्राह्मण म्हणून कुणी मुलाहिजा धरील असं समजू नका, अशा आशयाचं, सरळ कानाखाली वाजवल्यासारखं पत्र. संभाजीराजांनी पुढे १६८२ च्या सुमारास खाडीत दगड टाकून सेतू बांधायला घेतला, तेवढ्यात औरंगजेबाच्या फौजा उतरल्या आणि काम सोडावं लागलं. म्हणजे जंजिरा पडला नाही यात सिद्दीच्या चिवटपणाइतकाच आपल्या कारकुनीचाही हात असावा, असं बँकवाले काका पुटपुटले. त्यांनी आयुष्यभर शाखाधिकाऱ्यांची पत्रं वाचली होती. नावाडी वल्ह्याला टेकून ऐकत होता. त्याला हे नवीन होतं की जुनं, ते काही चेहऱ्यावरून कळेना.

माझ्या गावाबद्दल फार लिहीत नाही. थिबा राजवाड्यात मी पाहुणी म्हणून चपला काढून उभी राहिले तेव्हा थोडी गंमत वाटली एवढंच. ब्रह्मदेशाचा राजा थिबा, १८८५ च्या युद्धात राज्य गेलं, १८८६ मध्ये इंग्रजांनी रत्नागिरीला आणून ठेवला, १९१० साली हा वाडा बांधून झाला आणि १९१६ साली राजा इथेच वारला. गाइडने खिडक्यांच्या रंगीत काचा दाखवल्या, राजा संध्याकाळी कुठे बसून समुद्र बघत असे ते दाखवलं. राजाच्या थोरल्या मुलीचं वाड्यावरच्या द्वारपालाशी, गोपाळ सावंताशी जुळलं, तिची मुलगी टुटू रत्नागिरीतच वाढली, इथल्याच माणसाशी लग्न करून गरिबीत संसार केला आणि मरेपर्यंत मराठी बोलली, हे त्याने सांगितलं नाही. तिला पाहिलेली माणसं आमच्या आळीत अजून आहेत. वाड्याच्या दिमाखात ती बसत नाही म्हणून सुटली असावी. मी सांगितलं. पुण्याच्या बायकांना राजापेक्षा तीच जास्त आवडली आणि पुढचा अर्धा तास तिची पोरंबाळं, तिचं घर, तिचं सासर यावर चौकशी चालू राहिली.

कशेळीच्या सड्यावर मात्र सगळे गप्प झाले. कातळशिल्पं बघायला जाताना काय दिसणार याचा अंदाज येत नाही. जांभा कातळ, मार्चातलं वाळलेलं गवत, लांबवर एखादं आंब्याचं झाड. आणि मग एकदम पायाखाली हत्ती. अठरा मीटर लांब, तेरा मीटर रुंद, आणि त्याच्या पोटात दुसरे प्राणी, मासे, पक्षी. उभं राहून पूर्ण दिसत नाही, भोवती फेरी मारत तुकड्या-तुकड्याने जुळवावा लागतो. कुणी कोरला, कशासाठी, याची एकही गोष्ट उरलेली नाही. बसणी-राजापूर पट्ट्यातली आम्ही मुलं गुरांमागे जाताना असली चित्रं ओलांडून जायचो, पांडवांनी काढली म्हणायचो आणि विसरायचो. २०२२ साली ती जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत गेली तेव्हा आमच्या गावात लोकांना त्यांचं नाव कातळशिल्प असतं हे कळलं. तिथल्या गाइडला आम्ही खूप विचारलं, आणि तो प्रत्येक वेळी "ते अजून कळलेलं नाही" एवढंच सरळ म्हणाला. सबंध सहलीत त्याच्याइतका निवांत गाइड दुसरा भेटला नाही. त्याला कुणाची बाजू सांभाळायची नव्हती.

मग विजयदुर्ग.

विजयदुर्ग आमच्या घरात नेहमीच होता, पण किल्ला म्हणून नाही, बंदर म्हणून. माझे आजोबा गिरणीत. मे महिन्यात मुंबईहून बोटीने यायचे, आणि बोट विजयदुर्गाच्या बाहेर नांगर टाकायची. होड्या तिच्या अंगाला येऊन लागायच्या, ट्रंका, वळकट्या, पोरं, खाली झेलली जायची. आजी त्या प्रवासाबद्दल फक्त दोनच गोष्टी सांगायची, बोट लागली की लिंबू हुंगायचं, आणि धुक्यातून आधी किल्ल्याचा काळा तट दिसायचा, तो दिसला की पोटातलं ढवळणं थांबायचं. पावसाळ्यात बोट बंद. पुढे कायमचीच बंद झाली. त्या पाण्यात आरमार जळालं हे आजोबा, आजी, वडील, कुणी कधी म्हटलेलं मला आठवत नाही. वडील तर शिक्षक होते. मी ते वाचलं पुष्कळ नंतर, रत्नागिरीच्या वाचनालयात, एका पिवळ्या पडलेल्या पुस्तकात, आणि वाचून झाल्यावर उगाचच आजूबाजूला पाहिलं.

काय झालं होतं ते थोडक्यात असं. कान्होजी १७२९ साली गेले. मुलांमध्ये पटेना, एक कुलाब्याला, एक विजयदुर्गाला, बाजीरावाने वाटणी करून दिली तरी धुसफूस राहिलीच. शेवटी विजयदुर्गावर तुळाजी आला. तो दर्यावर्दी म्हणून बापासारखा जबर, पण पेशव्यांना मोजायचा नाही, आणि त्याची गलबतं इंग्रजांना लुटत तशी किनाऱ्यावरच्या मराठी मुलखालाही सोडत नसत. नानासाहेब पेशव्यांनी त्याचा बंदोबस्त करायला मुंबईकर इंग्रजांशी हातमिळवणी केली. एप्रिल १७५५ मध्ये कमोडोर जेम्सने सुवर्णदुर्ग पाडला, मराठ्यांचा सरदार रामाजी महादेव त्याच्या जोडीला होता. फेब्रुवारी १७५६ मध्ये समुद्रावरून ॲडमिरल वॉटसन आणि त्याच्याबरोबर जमिनीवर उतरायची फौज घेऊन क्लाइव्ह. तो क्लाइव्ह. लूट कशी वाटून घ्यायची हे त्यांनी निघायच्या आधीच कागदावर ठरवलं होतं, आणि त्यात पेशव्यांचा वाटा नव्हता. तुळाजी तहाची बोलणी करायला मराठ्यांच्या छावणीत गेला तो परत आलाच नाही, उरलेलं आयुष्य कैदेत काढलं. इकडे बंदरात त्याची जहाजं किल्ल्याच्या आडोशाला खेटून उभी होती. इंग्रजांचा एक गोळा 'रेस्टोरेशन' नावाच्या जहाजावर पडला. हे जहाज कंपनीचंच, आंग्र्यांनी काही वर्षांपूर्वी धरून आणलेलं. त्याने पेट घेतला, ते शेजारच्या गुराबेला, म्हणजे लढाऊ गलबताला लागलं, तिथून पुढच्या. डांबर, शिडं, दोरखंड, सागवान. काही तासांत सगळं आटोपलं. दुसऱ्या दिवशी किल्ला पडला, आणि इंग्रजांनी तो पेशव्यांना द्यायलाही टाळाटाळ केली. ऑक्टोबरात तह झाला, बाणकोट घेतला तेव्हा विजयदुर्ग सोडला. पुढच्या वर्षी वॉटसन आणि क्लाइव्ह बंगालमध्ये होते, आणि जूनमध्ये प्लासी.

एवढं सगळं तटावर उभं राहून आठवीतल्या मुलीला सांगता येईल का? मला वाटतं येईल. पाच मिनिटं लागतात. समोर पाणी आहे, खाडीचं तोंड आहे, जहाजं कुठे उभी होती ते बोट दाखवून सांगता येतं. कपट हा शब्द त्यात कुठे बसतो ते मला अजून सापडलेलं नाही. इंग्रज जे करायला आले होते तेच करून गेले, आणि त्यांना बोलावलं कुणी तर पुण्याने.

आम्ही मात्र ओट्यांपाशी गेलो. गवतात दगडी चौथरे आहेत, साधेच. गाइडचा आवाज पुन्हा फुलला. १८ ऑगस्ट १८६८, खग्रास सूर्यग्रहण, लॉकियर साहेब दुर्बीण लावून इथे बसला आणि इथे हेलियम सापडला. गटाने टाळ्या वाजवल्या. दर वर्षी त्या तारखेला इथे हेलियम दिनही साजरा होतो. आता खरी हकीगत अशी की १८६८ चं ग्रहण जान्सेन नावाच्या फ्रेंच माणसाने गुंटूरला बसून पाहिलं. लॉकियर तेव्हा इंग्लंडात होता, आणि त्याने ऑक्टोबरात ग्रहणाशिवायच, भर दिवसा, सूर्याच्या कडेचा वर्णपट टिपला. दोघांची पत्रं पॅरिसच्या अकादमीत एकाच दिवशी पोचली. पृथ्वीवर हेलियम सापडला १८९५ मध्ये. आणि त्यानंतर, जानेवारी १८९८ च्या ग्रहणाला, म्हातारा होत आलेला लॉकियर खरोखरच विजयदुर्गाला आला. मेल्पोमिनी नावाच्या युद्धनौकेतून, किल्ल्यावर यंत्रं मांडून, नौकेवरच्या खलाशांना हाताशी धरून त्याने ग्रहण पाहिलं. तिकडे मुंबईत प्लेग होता, पुण्यात रँडला मारून वर्ष उलटलं नव्हतं, आणि इथे आंग्र्यांच्या किल्ल्यावर इंग्रज खलाशी दोन मिनिटांच्या अंधारात सूर्याचं प्रभामंडळ रेखाटत होते. मला हे हेलियमपेक्षा कितीतरी जास्त आवडतं. पण तीस वर्षांची गल्लत झाली म्हणून मला काही फारसा राग येत नाही. गावाला वाटतं आपल्याकडे काहीतरी मोठं घडलं, वाटू दे. त्या गल्लतीमुळे एखादं पोर वर्णपट म्हणजे काय ते विचारील. जोडलेली गोष्ट खोडता येते. गाळलेली गोष्ट मात्र कुणी विचारतच नाही, कारण ती होती हेच ठाऊक नसतं. इथे तर एकीने विचारली होती.

किल्ल्याच्या दाराशी टपरी आहे. सगळे कोकम सरबत घेत होते, घामाने पाठी ओल्या, वरच्या पिंपळाची सावली जेमतेम बाकड्यापुरती. मी गाइडच्या शेजारी जाऊन बसले. माझं बोलणं ऐकून तो म्हणाला, "तुमी राजापूरकडली मां? मगे तुमका ठावक आसतलाच." मी म्हटलं, काय? तर हसला. "आग लागली ती." ग्लास खाली ठेवला. "बाई, माका सगळा ठावक आसा. पण पेशव्यांचा नाव घेतला की गटातलो एक तरी माणूस उठता. खय शिकलास, कोणी सांगितल्यान. एकान तर माझो नंबर घेवन तक्रार केल्यान. आणि दुसरो गट आसता तो पेशव्यांचा नाव घेतला की खूश जाता, तां तर त्याच्याहून वायट. मगे मी काय करू? त्या चेडवाक काय सांगू, आपल्याच माणसांनी जाळूक दिल्यानी म्हणान?" मी काही बोलले नाही. त्याने सरबत संपवलं, तळाची साखर बोटाने पुसून खाल्ली आणि म्हणाला, "हेलियमाक कोण तक्रार करणा नाय."

त्याचं म्हणणं मला पटलं नाही आणि त्याच्यावर रागावताही आलं नाही. उन्हात दिवसाला पाच-सहा गट फिरवायचे, प्रत्येक गटात कुठल्या जातीचा, कुठल्या गावाचा, कुठल्या पक्षाचा माणूस आहे ते चेहऱ्यावरून ओळखायचं, आणि तरी बक्षिशी मिळेल असं बोलायचं. जंजिऱ्याचा नावाडी एक नाव गाळतो, हा दुसरं नाव गाळतो. दोघांची जागा उलटी आणि अडचण एकच. जुलै २०२५ मध्ये मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत गेले, त्यात आमच्या किनाऱ्यावरचे खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग आहेत. चारातले दोन तर ओळीने त्याच दोन वर्षांत पडलेले. आता गर्दी वाढणार, गट मोठे होणार, आणि मोठ्या गटात कुणी काही विचारणार नाही.

सरांनी सांगितलं म्हणा. त्यांचा एक नियम होता, जागेवर तिथल्या गाइडनेच बोलायचं, आपण गाडीत. त्याप्रमाणे देवगडच्या वाटेवर त्यांनी १७५६ सांगितलं, आणि फार चांगलं सांगितलं. जेवणं झालेली होती. सुरमईच्या थाळीनंतर टेम्पो ट्रॅव्हलरच्या थंड हवेत अर्धा गट झोपला होता. बँकवाल्या काकांनी लुटीचा आकडा विचारला. ज्या मुलीचा प्रश्न होता ती आईच्या मांडीवर डोकं ठेवून झोपली होती, आणि खिडकीबाहेर आंब्याच्या बागा सरकत होत्या, समुद्र कुठेच नव्हता. तिला उठवून सांगायचं मनात आलं. पण देवगडच्या बागेतून जाताना समुद्रातली आग सांगायची म्हणजे परीक्षेला सांगितल्यासारखंच.

मालवणला सिंधुदुर्गावर तिचे प्रश्न परत सुरू झाले. समुद्राच्या मधोमध दूध बाव, दही बाव, साखर बाव, तिन्ही विहिरींना गोडं पाणी कसं? शिवराजेश्वराच्या देवळातली मूर्ती दाढीशिवाय का? पायामध्ये शिसं ओतलं तर ते थंड कसं केलं? तिथला गाइड तोंडभर हसत उत्तरं देत होता. सगळे प्रश्न आपल्या बाजूचे होते. आरमाराचं तिने पुन्हा विचारलं नाही.

सहलीनंतर काही महिन्यांनी सरांचा फोन आला. पुढच्या हंगामात विजयदुर्गाचा टप्पा तुम्ही सांगाल का, तुम्ही तिकडच्याच. मी म्हटलं, त्या गाइडला काढून टाकणार असाल तर नाही. त्यालाच ठेवा, तो तट आणि ओटे सांगेल, मी बंदर सांगेन. शिवी आली तर मला येईल, त्याच्या पोटाला धक्का नको. सर हो म्हणाले. तेव्हापासून भाकऱ्या थापताना मी तोंडातल्या तोंडात विजयदुर्ग सांगत असते. तुळाजीपासून सुरुवात केली की तो नायक होऊन बसतो आणि त्याने लुटलेली गावं मागे राहतात. पेशव्यांपासून केली की पुण्याचे लोक सावरून बसतील आणि आमच्याकडचे खूश होतील, ते तर मुळीच नको. इंग्रजांपासून केली की पुन्हा कपटच. सध्या 'रेस्टोरेशन'पासून करून बघते आहे. एक जहाज, इंग्रजांचं होतं, आंग्र्यांचं झालं, बंदरात उभं आहे, आणि बाकीची त्याला खेटून. यांना समोर बसवून पूर्ण ऐकवलं. त्यांनी मुकाट्याने ऐकलं आणि विचारलं, "हे किती वाजता सांगणार?"

"अकराच्या सुमारास पोचतात सगळे."

"मग आधी सावलीची जागा बघून ठेव. आणि त्या माणसाला सांग, ओटे शेवटी घे. निदान हेलियमसाठी तरी थांबतील लोक."